फोटोतलं डावं टोक

रविवार, ३ मार्च

आजपासून मी घरची अधिकृत फोटोग्राफर. मुलाने त्याचा जुना फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, "मावशीला फोटो हवेत ना, मग तूच काढ. आम्ही काढले की तू नावं ठेवतेस." ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, वर्षभर अंथरुणाला खिळली आहे. आमचं इतक्या लांब जाणं होत नाही, तिचं येणं तर नाहीच. फोनच्या पडद्यावर तिला काही बघायचं नसतं. "कागदावर छापून पाठव, उशाशी ठेवीन," म्हणाली. सून छापखान्यात पुस्तकं बांधायच्या खात्यात आहे. थोडे फोटो आधी टपालाने पाठवायचे आणि शेवटी सगळ्यांचा अल्बम ती बांधून देणार, असं ठरलं.

जागा जपानी बाग. घरापासून पायी वीस मिनिटं, आणि कुठेही उभं केलं तरी माणूस बरा दिसतो. तळ्यावर लाल लाकडी पूल, काठावर दगडी दिवा, पाण्यात हातभर लांबीचे केशरी मासे. चालायच्या फरशीच्या दोन्ही बाजूंना पांढरी बारीक खडी पसरलेली, तिच्यावर माळी रोज सकाळी दाताळ्याने रेघा ओढतो. चाळीस वर्षं शिवणकाम केलं मी, पण त्या रेघांचा मलाही हेवा वाटला.

पुलावर तिघांना उभं केलं. मुलगा मध्ये, नात त्याच्या पुढे, सून तिच्या नेहमीच्या टोकाला. नातीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण जागी असेपर्यंत तिची भुणभुण थांबत नाही. सुनेच्या डाव्या गालावर जन्मखूण आहे, कानापासून हनुवटीपर्यंत, जांभळट. म्हणून ती नेहमी फोटो काढणाऱ्याच्या डाव्या हाताला, अगदी टोकाला उभी राहते आणि तोंड आतल्या बाजूला वळवते. मग दुसरा गाल तेवढा फोटोत येतो. ही सवय तिला कशी लागली ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायची गरज नाही.

सव्वीस फोटो काढले. घरी आल्यावर भुंग्याने फोन घेतला आणि विचारलं, "आजी, आई कुठाय?" मी म्हटलं, हलली असेल. या घरात कोणी दोन मिनिटं जागेवर उभं राहील तर शपथ.

गेल्या महिन्यात दोन दिवस डोकं ठणकलं होतं, भिंती फिरत होत्या. त्यानंतर आज पहिल्यांदा मोकळं वाटलं. ही नवी वही मात्र फार अरुंद निघाली. चार शब्द लिहिले की ओळ संपते.

मंगळवार, ५ मार्च

बँकेतल्या बाई कोट परत घेऊन आल्या. म्हणे डाव्या बाजूची खालची दुमड तशीच उघडी राहिली आहे. बघितलं तर खरंच राहिलेली. त्यांच्याकडे काहीतरी अडकून उसवली असणार. माझ्या हातची तुरपाई राहून जाईल हे शक्य नाही. त्या माझ्या डोळ्यांकडे बघून "वय होतंच हो" म्हणाल्या, तेव्हा मला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. त्यांच्यासमोर बारीक सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवून दाखवला. मग मुकाट्याने बसल्या.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आज पुन्हा खांद्याला लागली. दार मुळातच वाकडं बसवलंय, हे मला तीस वर्षांनी कळतंय.

रविवार, १० मार्च

बागेत अपमान झाला. दगडी दिव्याकडे निघाले होते, इतक्यात मागून माळी ओरडला, "अहो बाई! फरशीवरून चाला ना! सकाळपासून कंबर मोडून रेघा ओढल्यात." खाली बघितलं तर माझी चप्पल खडीत रुतलेली. मी म्हटलं, "तुमची फरशीच अरुंद आहे." तो फरशीकडे बघत राहिला. तिच्यावरून दोन माणसं जोडीने जातील एवढी रुंद आहे, हे मलाही दिसत होतं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते. मुलाने माझ्या वतीने माफी मागितली, त्याचाही राग आला.

दिव्यापाशी तिघांचे फोटो काढले. सुनेने विचारलं, "आई, मी आले का?"

"आलीस, आलीस."

तिने फोन मागून घेतला, एकेक फोटो सरकवून बघितला आणि परत दिला. "छान आलेत," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मीळ गोष्ट. मी खूश झाले आणि आणखी दहा काढले.

बुधवार, २० मार्च

ताईचा फोन. पहिला गठ्ठा तिला पोचला. मला वाटलं शाबासकी मिळेल. बाईसाहेबांचा पहिला प्रश्न, "सुनेशी भांडलीस का गं?"

"मी कशाला भांडू?"

"मग ती कुठाय? एका फोटोत नुसतं कोपर आहे. एकात पोराच्या खांद्यावर चार बोटं आहेत. बोटांची मालकीण कुठे गेली?"

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला काय दिसतंय आणि काय नाही, देव जाणे. आजारी माणसाशी वाद नको म्हणून मी विषय बदलला. पण फोन ठेवताना ती म्हणाली, "तू पहिल्यापासूनच त्या पोरीला कडेला ठेवलंस." ते शब्द दिवसभर टोचत राहिले. दोन फ्रॉकचे गळे उगाच उसवून पुन्हा केले.

रविवार, २४ मार्च

आज सून फोटोला उभीच राहिली नाही. "मी पिशव्या सांभाळते," म्हणाली. मुलगा दोनदा ये ये म्हणाला. "नको. तसंही..." म्हणत तिने पिशव्या उचलल्या. तसंही काय ते काही सांगितलं नाही. मग भुंगा त्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि बापलेकीचे फोटो झाले.

नंतर सगळे बाकावर बसलो. सगळ्यांना चहा मिळाला, मलाच नाही. थोडा वेळ वाट बघितली आणि मग म्हटलं, "या घरात म्हातारीला चहा विचारायची पद्धत गेली वाटतं."

माझ्या डाव्या बाजूने सुनेचा आवाज आला, "आई, मी कधीची कप धरून बसलेय."

वळून बघितलं तर तिच्या हातात कप होता खरा. चहा निवलेला. तिचे डोळे भरले होते. चहावरून कोणी रडतं का? मी तो तसाच गार पिऊन टाकला. घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही, भुंगासुद्धा नाही.

शनिवार, ३० मार्च

सकाळी मुलगा माझ्या मशीनपाशी येऊन बसला. बॉबिनशी चाळा करत होता, तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे. म्हणाला, "आई, आम्ही वेगळं घर बघतोय. तिच्या छापखान्याच्या जवळ. तिला जायला-यायला फार त्रास होतो."

बारा वर्षं त्रास झाला नाही, आता बरा सुरू झाला. पण मी बोलले नाही. मी शिवण सुरू केली आणि अख्खी बाही उलटी जोडली.

भुंगा जाणार. सकाळची तिची भुणभुण जाणार. आणि सूनही जाणार. आता इथे खोटं काय लिहायचं, मला तिची सवय झाली आहे. मी मशीनवर बसले की ती काही न बोलता खिडकी उघडते, उजेड नीट पडावा म्हणून. मला ते घर नको आहे. त्यांनी जायला नको आहे.

आणि लिहायचंच तर तेही लिहिते. त्यांच्या लग्नाच्या दिवशी सगळे फोटोला उभे राहिले होते. मी तिला दंडाला धरून त्या टोकाला नेलं आणि कानात म्हटलं, "इथे उभी राहा आणि तोंड आत वळव, म्हणजे ते दिसणार नाही." मला वाटलं होतं, मी तिच्या भल्याचं सांगतेय. चांगला शिंपी कापडातला डाग शिवणीत घेतो, तसंच. तिने मान हलवली आणि त्या दिवसापासून जागा बदलली नाही. ताई तेव्हा शेजारीच उभी होती. तिने ऐकलं होतं.

रविवार, ७ एप्रिल

मुलगा आणि सून घर बघायला गेले, भुंग्याला घेऊन. मी एकटीच बागेत गेले. फोटो काढायला कोणी नव्हतं, माशांचे काढले.

माळी आला. मला वाटलं पुन्हा ओरडणार. पण दाताळं खांद्याला लावून शांतपणे म्हणाला, "बाई, रागावू नका. जरा मागे वळून बघा."

बघितलं. मी आत्ताच चालत आले होते तिथल्या खडीवर पावलं उमटली होती. माझ्या चपलांचीच.

"जाताना तुमची पावलं या बाजूच्या खडीत असतात," तो म्हणाला, "आणि येताना त्या बाजूच्या. महिनाभर बघतोय. जाताना तुमचा डावा हात, येतानाही तुमचा डावाच हात. उजव्या बाजूची रेघ तुम्ही एकदाही मोडली नाही. माझे दिवस पाय बघण्यात जातात, म्हणून लक्षात आलं. एकदा कोणाला तरी दाखवा."

मी म्हटलं, "चपलेचा एक अंगठा झिजलाय."

"मग चप्पल दाखवा," म्हणाला आणि खाली वाकून रेघा ओढायला लागला. माणूस उद्धट नाही, पण उगाच भोचक आहे. घरी येऊन चपला उलट्या करून पाहिल्या. दोन्ही सारख्याच झिजल्या आहेत.

बुधवार, १० एप्रिल

आजच लिहायला हवं.

दुपारी सून कामावरून लवकर आली. अल्बमसाठी छापून आणलेले सगळे फोटो तिच्याकडे होते. माझ्या कापायच्या टेबलावरचं कापड तिने बाजूला केलं आणि फोटो ओळीने मांडायला लागली. मला वाटलं, आता भांडण होणार. मी मनात उत्तरंसुद्धा तयार केली.

ती म्हणाली, "आई, मला वाटत होतं तुम्ही मला मुद्दाम कापताय."

"अगं, मी कशाला..."

"ऐका तर. लग्नात तुम्ही मला टोकाला उभं केलंत. आता वाटलं, टोकालाही नको झाले असेन. म्हणून घर बघू म्हटलं. जायला-यायला त्रास होतो हे मी त्यांना खोटंच सांगितलं." हे सगळं ती फोटोंकडे बघत बोलत होती. "पण आज कडा कापायला बसले. माझं कामच आहे ते, कोणत्या बाजूला किती कागद सोडलाय हे बघणं. आणि हा फोटो हातात आला."

तो चोवीस मार्चचा होता. त्यात मुलगा होता, आणि भुंग्याची एक वेणी. भुंगा नव्हती.

"यात मी नाहीच," ती म्हणाली. "तरी टोक कापलंय. हा बघा, मासा. त्याची फक्त शेपटी. हा दिवा, अर्धा. हा पूल उजव्या बाजूला पूर्ण आणि डाव्या बाजूला नाहीच. एकाही फोटोत नाही. आणि हे." तिने माझ्या मापाच्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या चिठ्ठ्यांवर अक्षर कागदाच्या अर्ध्यातून सुरू झालेलं. ताटात रोज डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच राहते, हेही तिने सांगितलं. मला वाटत होतं की ती मला कोशिंबीर वाढायची विसरते.

मग ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आई, माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवू नका. आता सांगा, माझा हात दिसतोय का?"

"कुठला हात?" मी म्हटलं.

मी मान वळवली. तिचा हात माझ्या डाव्या कानाजवळ, वीतभर अंतरावर होता. बोटं हलत होती. ती कधीची हलवत होती कोण जाणे.

ती गेल्यावर मी मापाची फीत भिंतीवर आडवी लावली आणि मधल्या आकड्यावर नजर धरली. उजवीकडे शेवटपर्यंत फीत होती. डावीकडे काळं नव्हतं, धूसर नव्हतं, काहीच नव्हतं. आणि ते नाही हेही मला कळत नव्हतं. आता शिवणार कशी, हा विचार पहिला आला. दुसरा विचार आला तो त्या गार चहाचा. मग मशीनवर डोकं ठेवून पोटभर रडले.

शुक्रवार, १९ एप्रिल

डॉक्टरांकडे सून घेऊन गेली. मुलगा येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. तपासण्यांत चार दिवस गेले. डोळे ठणठणीत आहेत. फेब्रुवारीत डोकं ठणकलं तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात बारीकशी रक्ताची गाठ अडकून गेली. दोन्ही डोळ्यांचं डाव्या बाजूचं बघणं तिथेच होतं. गेलंय ते बहुतेक परत यायचं नाही. दुसरा झटका येऊ नये म्हणून रोज गोळ्या. आणि प्रत्येक गोष्टीला मान डावीकडे वळवायची सवय लावायची.

"शिवता येईल?" मी विचारलं.

"वळून बघाल तर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर औषधांची वाट बघत बसलो होतो. सून माझ्या उजव्या हाताला बसली होती, मुद्दाम. तिचा तो गाल माझ्याकडे होता. बारा वर्षांत मी त्याच्याकडे सरळ बघितलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, "लग्नाच्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते सांगायला नको होतं. चुकलं माझं."

तिने नखातला वाळलेला डिंक खरवडला. मग म्हणाली, "माझी आईही तेच सांगायची. शाळेच्या फोटोतही मी कडेलाच असायचे. मला वाटलं होतं, निदान नव्या घरात कोणी सांगणार नाही." आणि म्हणाली, "तुमच्याकडून फार लागलं होतं, आई."

काही हरकत नाही, असं ती म्हणाली नाही. म्हणावं असं मलाही वाटलं नाही. औषधं आली, तिने पिशवी घेतली आणि आम्ही निघालो. घराचा विषय मी काढला नाही. तो विचारायचा हक्क आता माझा राहिला नव्हता.

रविवार, १२ मे

ही वही तिने नव्याने बांधून दिली. आत वाचलं नाही, अशी शपथ घेतली आहे, आणि तिची शपथ मी मानते. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला तिने लाल दोऱ्याची एक टीप मारली आहे. ओळ सुरू करायच्या आधी मान वळवून तो दोरा शोधायचा, सापडला की लिहायचं. वही काही अरुंद नव्हती. बरीच ऐसपैस आहे.

आज सात आठवड्यांनी सगळे बागेत गेलो. ताईने निरोप पाठवला होता की अल्बम आधी पूर्ण करा, मी काही जन्मभर थांबणार नाही. पुलावर तिघं उभी राहिली. मी फोन उचलला, मान डावीकडे वळवली, सून सापडली. तोंड आत वळवून, त्याच टोकाला.

मी म्हटलं, "तू इकडे ये. या टोकाला."

"आई, तिकडून हा गाल येईल."

"येऊ दे. या बाजूचं मला सगळं दिसतं."

मुलगा काहीतरी बोलणार होता, पण भुंग्याने त्याचा सदरा ओढला. सून जागेवरच उभी होती. मला वाटलं, नाही यायची. आणि नाही आली तर तिचं बरोबरच आहे. मग ती नवऱ्याच्या मागून हळूच गेली आणि उजव्या टोकाला उभी राहिली. तोंड आधी खाली, मग वर. मी घाई केली नाही. तिने माझ्याकडे सरळ बघितलं, संपूर्ण चेहऱ्याने, तेव्हा काढला. एकच काढला. डावीकडे वळून पुन्हा बघितलं, पुलाचं टोकही आलं होतं. भुंगा फोनवर झडप घालून ओरडली, "आजी, सगळे आले! आईपण आली!" सुनेने फोटो बघितला. यावेळी ती छान आलेत म्हणाली नाही. "हा पहिल्या पानावर लावते," म्हणाली.

निघताना ती माझ्या डाव्या हाताला आली आणि दंडाला धरलं. मुलगा मागून म्हणाला, "संध्याकाळी त्या घरवाल्याला काय सांगायचं?"

"नाही सांग," ती चालता चालताच म्हणाली. जणू भाजी आणायची नाही असं सांगत होती.

मी विचारलं नव्हतं. आनंदाने माझा श्वास अडकला, तेही तिला सांगितलं नाही. दंड धरलेला असल्यामुळे तिला कळलं असावं. ती मला दिसत नव्हती, पण तिची पकड घट्ट होती आणि फरशीची कड जवळ आली की ती मला हलकेच उजवीकडे सारत होती.

फाटकापाशी माळी दाताळं टेकून उभा होता. त्याने आमच्या मागच्या वाटेकडे हात केला. मी थांबले आणि पूर्ण मान वळवून बघितलं. खडीवरच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या.